आयर्नची गोळी की आयर्नचं सलाईन? पहिल्यांदाच सुरू करणाऱ्यांसाठी

नव्या पेठेत माझं औषधांचं दुकान आहे. आजूबाजूला अभ्यासिका, मेस आणि मुलींची वसतिगृहं, त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्यांत विशीतल्या मुलीच जास्त. गावाकडून पुण्यात येऊन वर्ष-दीड वर्ष झालेलं असतं. जिना चढताना धाप लागते, केस गळतात, वाचताना डोळ्यांपुढे अंधारी येते, मग कुणीतरी सांगतं म्हणून सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करतात आणि रिपोर्ट घेऊन काउंटरवर येतात. परवा अशीच एकजण आली. हिमोग्लोबिन ८.२. पर्समधून रक्तवाढीच्या गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी काढून म्हणाली, "काकू, दीड महिना घेतल्या, काही फरक नाही. सरळ सलाईनच लावून घेऊ का?"

मी विचारलं, "कधी घेतेस गं गोळी?"

"सकाळी. चहाबरोबर."

तिला तिथेच स्टुलावर बसवून जे सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहिते आहे. डॉक्टरांनी तुम्हाला किंवा तुमच्या घरातल्या कुणाला नुकतंच आयर्न सुरू केलं असेल, किंवा गोळी आणि सलाईन यांतलं काय घ्यावं असा प्रश्न पडला असेल, तर हे तुमच्यासाठी आहे. औषध ठरवायचं काम डॉक्टरांचंच. पण काय विचारायचं हे ठाऊक असलं की त्यांच्यासमोरची पाच मिनिटं सार्थकी लागतात.

आधी रिपोर्ट नीट बघा

हिमोग्लोबिन बाईचं १२ च्या खाली, गरोदर बाईचं ११ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली गेलं की त्याला रक्तक्षय म्हणतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय स्त्रिया या रेषेखाली निघाल्या. निम्म्याहून जास्त! इतकं सर्रास असल्यामुळेच "बायकांचं असतंच असं" म्हणून घराघरांत ते सोडून दिलं जातं, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. आठ हिमोग्लोबिनवर परीक्षेचा अभ्यास करणारी मुलगी आळशी नसते, तिच्या मेंदूला प्राणवायूच कमी पोचत असतो.

मात्र हिमोग्लोबिन कमी म्हणजे लोह कमी, हे समीकरण दर वेळी खरं नसतं. सीबीसीत एमसीव्ही नावाचा आकडा असतो, तो लाल पेशीचा आकार सांगतो. ८० च्या खाली असेल तर पेशी लहान आहेत, म्हणजे लोहाच्या कमतरतेचा संशय घ्यायला जागा आहे. खात्री करायला सीरम फेरिटिन ही वेगळी तपासणी लागते. फेरिटिन म्हणजे शरीराच्या कोठारात शिल्लक असलेलं लोह. ते १५ च्या खाली असेल तर कोठार रिकामं झालंय असं समजा, आणि ३० च्या खाली असलं तरी बरेच डॉक्टर उपचार सुरू करतात. अंगात ताप किंवा सूज असेल तर हाच आकडा खोटा वाढतो, हेही लक्षात असू द्या.

ही तपासणी औषध सुरू करण्याआधी करून घ्या. एकदा आयर्न पोटात किंवा नसेत गेलं की मूळ चित्र पुसलं जातं. दुसरं कारण याहून महत्त्वाचं आहे. थॅलेसेमिया मायनर, म्हणजे हिमोग्लोबिनचा सौम्य आनुवंशिक दोष, असलेल्यांच्याही पेशी लहानच दिसतात, पण त्यांच्यात लोहाचा साठा बहुधा चांगला असतो. अशांना वर्षानुवर्षं आयर्न देत राहणं म्हणजे भरलेल्या पिंपात पाणी ओतणं. एमसीव्ही खूप कमी आणि फेरिटिन व्यवस्थित असं जोडीने दिसलं, तर थॅलेसेमिया ओळखणारी हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही रक्ततपासणी करायची का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

एक हिशोब

गोळीला महिने का लागतात आणि सलाईनचं काम दोन बैठकांत का होतं, ते या हिशोबावरून कळेल. शरीरात एकूण किती लोह घालायचं, याचं एक जुनं सूत्र डॉक्टर वापरतात. हवं असलेलं हिमोग्लोबिन वजा आत्ताचं हिमोग्लोबिन, गुणिले वजन, गुणिले २.४, आणि त्यात कोठार भरायला ५०० मिलिग्रॅम मिळवायचे. समजा वजन ५५ किलो, हिमोग्लोबिन ८, आणि न्यायचंय १५ पर्यंत. सात गुणिले ५५ म्हणजे ३८५, गुणिले २.४ म्हणजे ९२४, अधिक ५००. एकूण १,४२४ मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम दीड ग्रॅम.

डॉक्टर नेहमी जी फेरस अ‍ॅस्कॉर्बेटची गोळी लिहितात, तिच्यात १०० मिलिग्रॅम शुद्ध लोह असतं. पण त्यातलं आतड्यातून रक्तात उतरतं ते थोडंसंच. रोज दहा-बारा मिलिग्रॅम उतरलं असं धरलं तरी दीड ग्रॅम भरायला चार महिने जातात. त्यामुळे दीड महिन्यात, तेही चहाबरोबर घेऊन, फरक न दिसणं हा गोळीचा दोष नव्हे.

सलाईनमधून जातं तेही लोहच. आज बहुतेक ठिकाणी फेरिक कार्बोक्सिमाल्टोज देतात, लोक त्याला एफसीएम म्हणतात. याचं भारतातलं पेटंट २०२३ मध्ये संपल्यापासून बऱ्याच कंपन्यांची इंजेक्शनं मिळू लागली आहेत. दुसरं जुनं आणि स्वस्त औषध म्हणजे आयर्न सुक्रोज. दोन्हींत लोहाच्या कणाभोवती साखरेच्या जातीचं कवच असतं, म्हणून ते नसेत सोडलं तरी एकदम मोकळं होत नाही. यकृत आणि प्लीहेतल्या पेशी हे कण गिळतात, कवच फोडतात आणि लोह हळूहळू पुढे अस्थिमज्जेकडे धाडतात. एफसीएम एका वेळी १,००० मिलिग्रॅमपर्यंत देता येतं, त्यामुळे वरच्या हिशोबातलं लोह आठवड्याच्या अंतराने दोन बैठकांत पुरं होतं. आयर्न सुक्रोज साधारण २०० मिलिग्रॅमच्या हप्त्याने देतात, म्हणजे दिवसाआड गेलं तरी सात फेऱ्या. स्वारगेटहून रोज बस बदलून येणाऱ्या बाईला सात फेऱ्या म्हणजे सात दिवसांची बुडालेली मजुरी. औषधाची किंमत विचारताना हाही खर्च धरा.

गोळी आणि सलाईन, दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे. लोह कुठल्याही दाराने गेलं तरी लाल पेशी तयार व्हायला वेळ लागतोच. आज सलाईन लावलं म्हणून उद्या हिमोग्लोबिन वाढत नाही, दोन ते चार आठवडे लागतात. पुष्कळ लोक आयर्नचं सलाईन आणि रक्त चढवणं यांची गल्लत करतात. रक्ताच्या पिशवीने आकडा त्याच दिवशी वर जातो, आयर्नने नाही.

गोळी घेण्याची रीत

हा भाग मी मुद्दाम लांबवणार आहे. "गोळ्या लागू पडल्या नाहीत" म्हणणाऱ्यांपैकी कितीतरी जणींच्या बाबतीत बिघाड इथेच असतो.

पट्टी हातात घेऊन मागची बारीक अक्षरं वाचा. तिथे 'एलिमेंटल आयर्न' इतके मिलिग्रॅम असं लिहिलेलं असतं. तोच आकडा कामाचा. फेरस फ्युमरेट २०० मिलिग्रॅम लिहिलं असलं तरी त्यात शुद्ध लोह ६५ च्या आसपासच असतं. महापालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळणारी लाल गोळी ६० मिलिग्रॅम लोहाची, जोडीला ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. फुकटची म्हणून तिला हलकी समजू नका. तिच्यातलं लोह आणि महागड्या पट्टीतलं लोह वेगळं नसतं.

आता वेळ. लोह उपाशी पोटी सगळ्यांत चांगलं शोषलं जातं. जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी. चहा-कॉफीतले टॅनिनसारखे घटक लोहाला आतड्यातच बांधून टाकतात, म्हणून गोळीच्या आधी आणि नंतर निदान तासभर चहा नको, दोन तास जमले तर उत्तम. पुण्यात हे पथ्य अवघड आहे, मला मान्य आहे. सकाळी सात वाजता कोपऱ्यावरच्या अमृततुल्यातून आल्या-वेलदोड्याचा वास येत असताना थांबायचं म्हणजे परीक्षाच. त्या मुलीला मी असं बसवून दिलं: सहाला उठतेस, तेव्हा अर्धं लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर गोळी घे, दात घास, आंघोळ कर, तासभर वाच, आणि मग साडेसातला चहाला जा. लिंबातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. आवळ्याच्या दिवसांत आवळा खाल्ला तरी चालेल.

सकाळ जमत नसेल तर रात्रीचं जेवण आठला उरकून साडेदहाला, झोपताना घ्या. मात्र त्यानंतर दूध नको. दुधातलं कॅल्शियमही लोहाला अडवतं. याच कारणाने कॅल्शियमची गोळी आणि आयर्नची गोळी एकत्र घ्यायची नाही. गरोदर बायकांना दोन्ही लिहून दिलेल्या असतात आणि विसरू नये म्हणून त्या दोन्ही एकाच घोटात घेतात. आयर्न सकाळी, कॅल्शियम दुपारच्या जेवणानंतर, अशी फोड करा. थायरॉईडची गोळी चालू असेल तर तिच्यात आणि आयर्नमध्ये चार तासांचं अंतर हवं, नाहीतर थायरॉईडच्या गोळीचाही असर कमी होतो.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. पित्ताची गोळी. मेसचं तिखट खाऊन रोज सकाळी पँटोप्राझोल घेणाऱ्या मुली माझ्याकडे खूप आहेत, कुणी लिहून दिलेली नसतानाही. लोह शोषलं जायला जठरातलं आम्ल लागतं. तेच आम्ल रोज मारून टाकलं, तर वर कितीही आयर्न घ्या, निम्मं वाया. पित्ताची गोळी खरंच लागते का, हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

रोज की दिवसाआड? आपल्या यकृतात हेप्सिडिन नावाचं एक संप्रेरक तयार होतं. ते आतड्याच्या दारावरचा पहारेकरी आहे. मोठा डोस पोचला की ते वाढतं आणि पुढचा जवळजवळ दिवसभर दार अर्धवट लावून घेतं. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये लोह कमी असलेल्या तरुण स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात दिसलं, की रोज घेतलेल्या गोळीपेक्षा दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह जास्त प्रमाणात शोषलं जातं. पोटालाही ते कमी बाधतं. म्हणून मळमळ होत असेल तर गोळी सोडण्याआधी डॉक्टरांना विचारा, "दिवसाआड चालेल का?" गरोदर बाईने मात्र हे आपल्या मनाने करायचं नाही. सरकारी कार्यक्रमात तिला दुसऱ्या तिमाहीपासून १८० दिवस रोज एक गोळी सांगितलेली आहे आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस.

त्रासाचं म्हणाल, तर मळमळ, बद्धकोष्ठ, कधी जुलाब, तोंडाला लोखंडासारखी चव. शौचाला काळं होतं, ते लोहामुळे, घाबरू नका. पण काळ्याबरोबर डांबरासारखं चिकट, दुर्गंधीचं झालं किंवा चक्कर आली, तर तो रक्तस्राव असू शकतो, लगेच दाखवा. उपाशी पोटी अजिबात सोसत नसेल तर थोडं खाऊन घ्या. कमी शोषलेली गोळी ही पट्टीत राहिलेल्या गोळीपेक्षा बरी. घरात लहान मूल असेल तर पट्टी कुलपात ठेवा. चॉकलेटी-लाल चकचकीत गोळ्या मुलांना गोळ्या-बिस्किटांसारख्या वाटतात, आणि मुठभर आयर्न लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतं.

सलाईन खरोखर कधी

रीतसर गोळी घेऊन चार आठवड्यांत हिमोग्लोबिन निदान एकाने वाढलं नाही, किंवा दोन-तीन प्रकार बदलूनही पोट सोसतच नाही, तर सलाईनचा विचार योग्य आहे. काही जणांत गोळीचा आग्रह धरण्यातच अर्थ नसतो. आतड्याचा सूज येणारा आजार असेल, वजन घटवण्यासाठी जठराची शस्त्रक्रिया झाली असेल तर शोषणाची जागाच बिघडलेली असते. किडनीच्या जुन्या आजारात आणि संधिवातासारख्या दाहाच्या आजारात हेप्सिडिन कायमच वाढलेलं असतं, दार बंद ते बंदच. पाळीत इतकं जातं की गोळीने आलेलं सगळं त्या पाच दिवसांत वाहून जातं, अशाही बायका असतात. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं, त्यावरून विचार करा. आणि जिथे हातात वेळच नाही, म्हणजे शस्त्रक्रिया तोंडावर आहे किंवा गरोदरपणाचे शेवटचे आठवडे आलेत, तिथेही सलाईन.

गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आयर्नचं सलाईन देत नाहीत. अंगात चालू जंतुसंसर्ग असेल तर तो आधी बरा करतात. दमा, एक्झिमा किंवा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर ते स्वतःहून सांगा, विचारायची वाट बघू नका. हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल तर दुकानात येऊन सल्ला घेत बसू नका, रुग्णालय गाठा. ससून आहे, महापालिकेचं मंगळवार पेठेतलं कमला नेहरू रुग्णालय आहे.

"सलाईन म्हणजे ताकद" हा समज मात्र मनातून काढून टाका. अशक्तपणा वाटला की गल्लीतल्या दवाखान्यात लावून देतात त्या पिवळ्या बाटलीत जीवनसत्त्वं आणि मीठपाणी असतं. आयर्नचं सलाईन गडद तपकिरी दिसतं आणि ते घरी नर्स बोलावून लावून घ्यायचं औषध नाही. क्वचित का होईना, तीव्र अ‍ॅलर्जी येऊ शकते, म्हणून जिथे तातडीचे उपचार हाताशी आहेत तिथेच घ्या.

सलाईनच्या दिवशी

खाऊन जा. सैल बाहीचा कुर्ता घाला. सीबीसी, फेरिटिन आणि चालू औषधांची यादी बरोबर ठेवा, वजन सांगता आलं पाहिजे, कारण डोस त्यावर ठरतो. एफसीएम मीठपाण्यात मिसळून पंधरा मिनिटांच्या वर सावकाश देतात. त्यानंतर अर्धा तास तिथेच थांबायचं. कितीही बरं वाटत असलं तरी रिक्षा बोलवायची घाई करायची नाही.

चेहरा लाल होणं, छातीत किंवा पाठीत आवळल्यासारखं वाटणं असं झालं तर त्याच क्षणी सांगा. पुष्कळदा सलाईन थांबवल्यावर ते आपोआप ओसरतं. श्वास लागला, ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या तर मोठ्याने हाक मारा.

आणि सुईची जागा. हे मी माझ्या हाताकडे बघून लिहिते आहे. २०१९ मध्ये गर्भाशयाच्या गाठींच्या शस्त्रक्रियेआधी मला आयर्न दिलं होतं, एका खाजगी रुग्णालयात. सलाईन सुरू झाल्यावर दोन मिनिटांत मनगटाच्या वर चुरचुरायला लागलं, थोडं फुगल्यासारखंही झालं. नर्सबाई चार खाटांमागे धावत होत्या. मी म्हटलं, होईल कमी. झालं नाही. सुई नसेतून सरकली होती आणि औषध कातडीखाली मुरत होतं. आज इतक्या वर्षांनी तिथे रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठा तपकिरी डाग आहे, चहा सांडून वाळल्यासारखा. तो जात नाही. म्हणून सुई लावल्यावर आधी साधं मीठपाणी सोडून नस नीट चालते का हे बघायला सांगा, हात हलवू नका, आणि चुरचुरलं, दुखलं, फुगलं की लगेच बंद करायला सांगा. समोरचं माणूस कितीही घाईत असलं तरी.

त्यानंतर

सलाईन झाल्यावर गोळ्या लगेच पुन्हा सुरू करू नका. निदान पाच दिवस थांबा आणि त्या लागतात का हे आधी विचारा. फेरिटिनही महिनाभर तरी तपासू नका, सलाईननंतर ते फुगून येतं आणि सगळं छान झाल्याचा भास होतो. एफसीएमनंतर काही जणांत रक्तातलं फॉस्फेट उतरतं. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी घेतल्यानंतर हाडं दुखू लागली, स्नायूंत नवा अशक्तपणा आला, तर "आयर्न घेऊनही थकवा" म्हणून गप्प बसू नका, फॉस्फेट तपासायला सांगा.

गोळीवाल्यांसाठी वेगळी सूचना. हिमोग्लोबिन १२ झालं की बहुतेक जणी थांबतात. तेव्हा कोठार अजून रिकामंच असतं. आकडा जागेवर आल्यावर आणखी तीन महिने गोळी चालू ठेवायची असते, नाहीतर पुढच्या दिवाळीपर्यंत पुन्हा तोच रिपोर्ट.

आणि लोह कुठे गेलं, हे शोधल्याशिवाय दोन्ही औषधं अपुरीच. पाळी जास्त जात असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ. मूळव्याध, जंत, रोजच्या पेनकिलरने झालेला जठरातला व्रण, हेही बघावं लागतं. पुरुषाला किंवा पाळी गेलेल्या बाईला लोहाची कमतरता निघाली तर पोटाची दुर्बिणीतून तपासणी टाळू नका, तिथे कधीकधी आतड्याचा कर्करोग वेळेत सापडतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे पटवणं अवघड जातं, पण पटवा.

त्या मुलीला मी सलाईन लावायला पाठवलं नाही, तिच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी तीच गोळी ठेवली, तीही रोज घेत असलेलं पँटोप्राझोल बंद केलं आणि पाळीबद्दल विचारलं. चार आठवड्यांनी ती रिपोर्ट दाखवायला आली, ९.७. वहीच्या मागच्या पानावर तिने गोळीच्या तारखा मांडल्या होत्या, चुकलेल्या दोन दिवसांवर लाल फुली. पुढचं सीबीसी कधी, असं विचारत होती. आणखी चार आठवड्यांची तारीख मी तिला त्याच पानावर लिहून दिली, आणि खाली फेरिटिन असंही.